पांढऱ्या पेशींची साक्ष

केमोथेरपीचा जन्म इटलीतल्या बारी बंदरात, बॉम्बहल्ल्यात फुटलेल्या एका जहाजातून झाला, अशी कथा बऱ्याच पुस्तकांत सापडते. कथा रंगतदार आहे, म्हणून टिकली. पण तारखा तिच्या बाजूनं नाहीत. बारीवर बॉम्ब पडले २ डिसेंबर १९४३ रोजी. त्याच्या सव्वा वर्ष आधी, २७ ऑगस्ट १९४२ रोजी सकाळी दहा वाजता, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात एका माणसाच्या शिरेतून मस्टर्ड गॅसच्या कुळातलं औषध गेलेलं होतं. आणि त्याच्याही तेवीस वर्षं आधी या रसायनाचा खरा गुण छापून आलेला होता. फक्त औषधाचा गुण म्हणून तो कुणी वाचला नव्हता.

या सगळ्या इतिहासात साक्षीदार एकच आहे, रक्तातली पांढरी पेशी. जखमी सैनिकांत, प्रयोगशाळेतल्या उंदरांत, रुग्णांत, दर वेळी आधी काहीतरी झालं ते तिला. बराच काळ तिच्याकडे औषधाचा बळी म्हणूनच पाहिलं गेलं. तीच पेशी औषधाच्या बाजूनं लढतही असेल, हे ध्यानात यायला साठ-सत्तर वर्षं लागली.

जर्मनांनी मस्टर्ड गॅस पहिल्यांदा वापरला तो जुलै १९१७ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर. नाव गॅस, पण प्रत्यक्षात तेलकट द्रव. वास लसणासारखा किंवा मोहरीसारखा. अंगावर पडला तरी लगेच काही जाणवत नाही. काही तासांनी डोळे चुरचुरू लागतात, कातडीवर मोठाले फोड येतात, श्वासनलिका आतून सोलवटून निघते. डॉक्टरांचं सगळं लक्ष या भाजण्याकडे जाणं साहजिक होतं. एडवर्ड आणि हेलन क्रुम्भार या अमेरिकन दांपत्यानं मात्र अशा सैनिकांचं रक्त आणि हाडांतला मगज तपासला. १९१९ मध्ये त्यांनी लिहिलं की या विषानं पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटतात आणि त्या जिथं तयार होतात तो मगजच उजाड होतो. १९२१ मध्ये हेक्टोएन आणि कॉर्पर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की मस्टर्ड दिल्यावर शरीराची प्रतिपिंडं तयार करण्याची ताकदही मंदावते. म्हणजे प्रतिकारशक्तीवर घाला घालणारं रसायन माणसाच्या हाती आलं होतं, आणि त्याची नोंदही झाली होती. पण युद्ध संपलं होतं. ते कागद पडून राहिले.

ते पुन्हा उघडले गेले दुसऱ्या महायुद्धात. मस्टर्डमधल्या गंधकाच्या अणूच्या जागी नायट्रोजन बसवला की जो पदार्थ मिळतो, त्याचा क्षार पाण्यात विरघळतो आणि मोजून मापून टोचता येतो. अमेरिकी सरकारनं या नायट्रोजन मस्टर्डचा अभ्यास येलमधल्या दोन तरुण औषधशास्त्रज्ञांकडे सोपवला, लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्याकडे. त्यांचा औषधशास्त्राचा ग्रंथ १९४१ मध्ये नुकताच आला होता. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही तो ‘गुडमन-गिलमन’ म्हणूनच ओळखला जातो. सशांवरच्या प्रयोगांत दोघांना दिसलं की लसिका ग्रंथी अक्षरशः विरघळतात. मग प्रश्न सरळ होता. निरोगी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) इतक्या सहज मरतात, तर लिम्फोसाइटांचाच कर्करोग झाला असेल तर? सहकारी थॉमस डॉगर्टी यांनी लिम्फोमाची गाठ असलेल्या एका उंदराला हे औषध दिलं. दोन मात्रांत गाठ मऊ पडली आणि दिसेनाशी झाली. तीनेक आठवडे जगेल अशी अपेक्षा असलेला तो उंदीर ८४ दिवस जगला.

माणसांत पहिला रुग्ण ठरला तो पोलंडहून अमेरिकेत आलेला एक कामगार. कागदपत्रांत तो जे. डी. या आद्याक्षरांनी राहिला आहे. जबडा, मान आणि काखेतल्या गाठींनी त्याला गिळता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती. किरणोपचार थकले होते. शल्यचिकित्सक गुस्ताफ लिंडस्कॉग यांच्या देखरेखीखाली त्याला रोज एक अशा दहा मात्रा दिल्या गेल्या. गाठी वितळल्या. तो जेवू लागला, झोपू लागला. पण मागोमाग पांढऱ्या पेशीही कोसळल्या, मगज कोरडा पडला, गाठी परतल्या, आणि १ डिसेंबर १९४२ रोजी तो गेला. त्याच्या केसपेपरवर औषधाचं नाव नाही. ते युद्धगुपित होतं, म्हणून तिथं फक्त ‘पदार्थ एक्स’ असं लिहिलेलं आहे. कर्करोगावर टोचलेल्या या पहिल्या रासायनिक औषधाची दिनांकवार नोंद येलच्याच दोन शल्यचिकित्सकांनी जुन्या दप्तरातून शोधून काढली, ती सत्तरएक वर्षांनी.

आता बारी. १९४३ च्या अखेरीस हे बंदर इटलीत लढणाऱ्या ब्रिटिश आठव्या सैन्याच्या रसदीचा मुख्य दरवाजा होतं. त्या सैन्यात ८ वी भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्यात आपल्या मराठा पलटणीचे जवान सांग्रो नदीच्या आघाडीवर लढत होते. माल पटापट उतरावा म्हणून बंदरात रात्रीही दिवे जळत असत. २ डिसेंबरच्या संध्याकाळी सुमारे शंभर जर्मन विमानं आली आणि वीसेक मिनिटांत बंदर पेटवून गेली. सतरा जहाजं बुडाली. त्यांत ‘जॉन हार्वे’ नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज होतं. त्याच्या पोटात मस्टर्डचे सुमारे दोन हजार बॉम्ब होते. जर्मनांनी विषारी वायू वापरलाच तर उलट वापरता यावा म्हणून ते आणलेले. जहाजावरच्या ज्यांना हे ठाऊक होतं, ते स्फोटातच संपले.

बंदराच्या पाण्यावर जहाजांतून सांडलेल्या तेलाचा थर होता. मस्टर्ड तेलात छान विरघळतो. शेकडो खलाशी त्या तेलातून पोहत बाहेर आले, काळे माखलेले, थंडीनं कुडकुडत. रुग्णालयात धावपळ इतकी की ज्यांना उघडी जखम नाही, त्यांना तेलानं भिजलेल्या कपड्यांसकट ब्लँकेटात गुंडाळून, गरम चहा देऊन बसवून ठेवलं. चांगल्या मनानं केलेल्या त्या उबेनंच विष रात्रभर कातडीत मुरवलं. पहाटेपासून एकेकाचे डोळे सुजून मिटू लागले. अंगावर फोड आले. रक्तदाब खाली, नाडी जेमतेम, पण माणूस शांतपणे बोलतो आहे, आणि थोड्या वेळात तो मेलेला. डॉक्टरांना काहीच उमगेना. त्यांनी आजाराच्या रकान्यात ‘अद्याप निदान नाही’ असं लिहिलं.

अल्जिअर्सच्या मुख्यालयातून लेफ्टनंट कर्नल स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांना तातडीनं धाडण्यात आलं. न्यू जर्सीचे हे तरुण डॉक्टर अमेरिकी लष्कराच्या एजवुड आर्सेनलमध्ये रासायनिक अस्त्रांवर काम केलेले. रुग्णालयात शिरताच त्यांना लसणासारखा वास आला. बंदराच्या अधिकाऱ्यांना विचारलं, तर विषारी वायू इथं नव्हताच असं उत्तर मिळालं. मग त्यांनी बंदराचा नकाशा मागवला आणि कोणता रुग्ण स्फोटाच्या वेळी कोणत्या जहाजावर होता, किती जण दगावले, याच्या खुणा करत गेले. मृत्यू ज्या जहाजाभोवती दाटत होते, ते ‘जॉन हार्वे’. पाणबुड्यांनी तळातून बॉम्बचे तुकडे काढले आणि शंका उरली नाही. तरी ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांनी ते मान्य केलं नाही, आणि ब्रिटिश नोंदींत ‘शत्रूच्या कारवाईमुळे भाजणे’ असंच लिहिलं गेलं. सहाशेहून अधिक मस्टर्डग्रस्त रुग्णालयात होते. महिनाअखेर त्यांतले ८३ गेले. बारी शहरातल्या सामान्य माणसांची तर धड मोजदादही झाली नाही. मला या प्रकरणात सर्वांत जास्त छळते ती ही गोष्ट. पहिल्याच रात्री कुणी एका शब्दानं सांगितलं असतं, तर कपडे काढून साबणानं अंग धुणं एवढ्या साध्या उपायानं कितीतरी जीव वाचले असते.

अलेक्झांडर यांनी मात्र काम सोडलं नाही. त्यांनी रोज रुग्णांचं रक्त तपासून घेतलं, मृतांच्या अवयवांचे नमुने जपले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पांढऱ्या पेशी घसरू लागल्या होत्या. सगळ्यांत आधी लिम्फोसाइट गेल्या. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात चार ते दहा हजार पांढऱ्या पेशी असतात. काही रुग्णांत त्या शंभरावर आल्या. अलेक्झांडर यांचा अहवाल १९४४ मध्ये पूर्ण झाला आणि लगेच गोपनीय ठरला. तो लष्कराच्या रासायनिक विभागाचे वैद्यकीय प्रमुख कॉर्नेलियस ऱ्होड्स यांच्या हाती पोचला. युद्धानंतर हेच ऱ्होड्स न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेचे प्रमुख झाले आणि त्यांनी नायट्रोजन मस्टर्डच्या चाचण्यांना जोर दिला. तेव्हा बारीचं स्थान हे असं आहे. तिथं औषध सापडलं नाही. येलमध्ये एका माणसात दिसलेली गोष्ट तिथं शेकडो माणसांत दिसली. अलेक्झांडर यांच्या कामाची लष्करानं जाहीर दखल घेतली ती १९८८ मध्ये.

१९४६ मध्ये गुपिताचा शिक्का उठला आणि गुडमन, गिलमन व सहकाऱ्यांचा ६७ रुग्णांचा लेख प्रसिद्ध झाला. १९४९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पण ते नेमकं करतं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्या उत्तराचा धागा युद्धाच्या काळातच एडिंबराच्या एका गच्चीवर सापडलेला होता. शार्लट आवरबाख या बर्लिनमध्ये शिक्षिका होत्या. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी कायद्यानं नोकरी गेली आणि त्या स्कॉटलंडला आल्या. तिथले औषधशास्त्राचे प्राध्यापक ए. जे. क्लार्क यांच्या लक्षात आलं होतं की मस्टर्डच्या जखमा क्ष-किरणांनी भाजल्यासारख्या वागतात. बऱ्या व्हायला फार वेळ घेतात आणि पुन्हा चिघळतात. क्ष-किरणांनी जनुकं बदलतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये दाखवलं होतं. मग मस्टर्डनंही बदलतील का? १९४० च्या अखेरीस आवरबाख आणि जे. एम. रॉब्सन यांनी औषधशास्त्र विभागाच्या गच्चीवर उघड्या भांड्यात मस्टर्ड तापवायला आणि त्याच्या वाफेत फळमाश्या धरायला सुरुवात केली. आवरबाख यांचे हात भाजले. आणखी संपर्क आला तर गंभीर इजा होईल, असं त्वचारोगतज्ज्ञांनी बजावलं. तरी काम चालू राहिलं. माश्यांच्या पुढच्या पिढ्यांत घातक उत्परिवर्तनांची रेलचेल झाली. एखादं रसायन आनुवंशिक द्रव्यालाच इजा करू शकतं याचा हा पहिला भक्कम पुरावा. तोही १९४६ पर्यंत छापता आला नाही.

त्या वेळी जनुक कशाचं बनलेलं असतं हेच ठरलेलं नव्हतं. ते ठरेपर्यंत १९५३ उजाडलं. लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत अलेक्झांडर हॅडो यांच्या गटानं दाखवलं होतं की मस्टर्डला दोन ‘हात’ असतील तरच तो कर्करोगावर प्रभावी ठरतो. त्याच संस्थेतल्या पीटर ब्रुक्स आणि फिलिप लॉली यांनी १९६०-६१ मध्ये कारण सांगितलं. मस्टर्डचा एक हात डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतो आणि दुसरा समोरच्या धाग्यावरच्या ग्वानिनला. दोन धागे एकमेकांना जखडले जातात. जाकिटाच्या चेनमध्ये मधोमध टाका घातला की ती जशी पुढे सरकत नाही, तसं होतं. धागे उलगडले नाहीत तर नक्कल निघत नाही, आणि विभागायला निघालेली पेशी मरते. लिम्फोसाइट तर त्याहून हळवी. डीएनएला इजा झाल्याचं कळलं की ती बहुधा दुरुस्तीची वाट न पाहता स्वतःला संपवते. बारीतलं कोडं इथं सुटलं.

मस्टर्डच्या घराण्यातलं सर्वांत यशस्वी अपत्य म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड. जर्मनीत बीलेफेल्डच्या आस्टा कंपनीत नॉर्बर्ट ब्रॉक यांच्या गटानं १९५८ मध्ये ते जाहीर केलं. पुढे ते कर्करोगाइतकंच प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरलं गेलं, अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी आणि ल्युपससारख्या आजारांतही. केमो म्हणजे प्रतिकारशक्तीचा शत्रू, हे समीकरण पक्कं झालं.

ते समीकरण पहिल्यांदा डळमळलं गिनीपिगांत. १९६७ मध्ये मॅग्वायर आणि एटोर यांना दिसलं की ठरावीक वेळी सायक्लोफॉस्फमाइड दिलं तर त्वचेची प्रतिकार-प्रतिक्रिया दबत नाही, उलट भडकते. १९८२ मध्ये रॉबर्ट नॉर्थ यांनी उंदरांवर याचा उलगडा केला. गाठ असलेल्या उंदराला बाहेरून लढाऊ टी पेशी (लिम्फोसाइटांचाच एक प्रकार) दिल्या तर काही होत नाही. आधी सायक्लोफॉस्फमाइड दिलं तर त्याच पेशी गाठ नाहीशी करतात. कारण औषधानं प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशी आधी मारलेल्या असतात. अशा लगामी पेशी खरोखर असतात का, यावर त्या काळात मोठा वाद झाला. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली, आणि २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं.

दुसरा धक्का डॉक्सोरुबिसिननं दिला. या औषधाचं मूळ योगायोगानं बारीच्याच मुलखात आहे. बारीपासून काही कोसांवर कास्तेल देल मोंते हा तेराव्या शतकातला अष्टकोनी किल्ला आहे. त्याच्या परिसरातल्या मातीतून इटलीच्या फार्मीतालिया कंपनीनं एक सूक्ष्मजीव वेगळा केला, आणि त्याच्या लाल रंगद्रव्यातून आधी डॉनोरुबिसिन व मग डॉक्सोरुबिसिन मिळालं. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हे नाव पडलं. ते डीएनएच्या थरांत शिरतं, धागे सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराला मध्येच अडकवतं आणि धागे तुटतात. पॅरिसजवळच्या गुस्ताव रुसी संस्थेत लॉरेन्स झिटव्होगेल आणि गिदो क्रोमर यांच्या गटानं २००५ ते २००७ च्या दरम्यान एक साधा प्रयोग केला. डॉक्सोरुबिसिननं मारलेल्या कर्कपेशी निरोगी उंदरांना टोचल्या. नंतर जिवंत कर्कपेशी टोचल्या, तर बऱ्याच उंदरांत गाठ धरलीच नाही. मेलेल्या पेशींनी लसीचं काम केलं होतं. या पेशी मरताना कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर आणतात आणि भक्षक पेशी त्या खुणेवर येतात.

डीएनएची मोडतोड स्वतःच हाक देते, हे त्याच सुमारास इतरत्रही दिसत होतं. बर्कलीच्या गासर आणि रॉले यांनी २००५ मध्ये दाखवलं की इजा ओळखणारी यंत्रणा जागी झाली की पेशी नैसर्गिक मारक पेशींना दिसतील अशी चिन्हं बाहेर काढते. डॅलसच्या झिजियान चेन यांच्या गटानं २०१२-१३ मध्ये सी-गॅस हे विकर शोधलं. डीएनएची जागा केंद्रकात. त्याचे तुकडे पेशीद्रवात सांडले की सी-गॅस त्यांना विषाणू घुसल्यासारखं धरतं, एक छोटा संदेशरेणू बनवतं, आणि स्टिंग नावाचं प्रथिन इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनांमार्फत प्रतिकारशक्तीला हाक देतं. २०१७ मध्ये स्पष्ट झालं की किरणांनी किंवा औषधांनी गुणसूत्रं तुटून जी लहान केंद्रकं बनतात, त्यांतूनही हाच संदेश निघतो.

यावरून केमो ही आता प्रतिकारशक्तीची मित्र झाली, असं म्हणणं घाईचं होईल. उंदरांत जे स्वच्छ दिसलं ते माणसांत तितकं स्वच्छ नाही. हीच स्टिंगची हाक सतत वाजत राहिली तर गाठ तिचा उपयोग पसरण्यासाठी करते, असंही २०१८ मध्ये दिसलं. त्याच वर्षी फुप्फुसाच्या एका कर्करोगात प्लॅटिनमवर्गीय केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे टी पेशींचा लगाम सोडणारं औषध दिलेल्यांपैकी ६९.२ टक्के रुग्ण बारा महिन्यांनी जिवंत होते. नुसत्या केमोवर ४९.४ टक्के. जोडी फळली हे नक्की. तुटलेल्या डीएनएच्या हाकेचा त्यात वाटा किती, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

मुंबईत मात्र पांढरी पेशी मारणारं औषध आणि लढणारी पांढरी पेशी या दोन्ही बाजू एकाच उपचारात भेटल्या आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्रात विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवून परत देतात. त्या देण्याआधी शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट हटवून जागा करावी लागते, आणि त्यासाठी फ्लुडाराबिनबरोबर सायक्लोफॉस्फमाइड दिलं जातं.

केमोच्या दर फेरीआधी रक्त काढून पांढऱ्या पेशी मोजतात, ती क्रुम्भार दांपत्यानं केली तीच तपासणी आहे. बहुतेक औषधांत फेरीनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी हा आकडा सर्वांत खाली जातो, आणि त्या दिवसांतला साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. घरात कुणाची केमो चालू असेल तर थर्मामीटर जवळ ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर घरीच गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका; त्याच रात्री रुग्णालय गाठा आणि पोचताच सांगा की केमो चालू आहे.